नव्या मक्याचं कणीस

सातपुड्याचा पाडा, शिरपूर

प्रिय पप्पा, सलाम.

मी मजेत आहे. मम्मीचे गुडघे कसे आहेत?

एक चूक झाली. इथे नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नाही. मला ठाऊक नव्हतं. मी घरमालकीण रेशमाअक्कांच्या शेतातलं कणीस भाजलं, प्रार्थना केली आणि खाल्लं. अक्का चार दिवस बोलल्या नाहीत. मी माफी मागितली.

काल पूजा झाल्यावर त्यांनीच मला कणीस दिलं. मी डोळे मिटले, तशा म्हणाल्या, "तू बी पहिले देवलेच सांगस ना? जोरमा सांग, माले आयकू दे."

तुम्ही वाटायला दिलेली सुवार्तेची पत्रकं अजून पेटीतच आहेत. वर्षभरात पहिल्यांदाच कुणी माझ्या देवाबद्दल विचारलं. मी मोठ्याने प्रार्थना केली. कणीस गार झालं, तरी अक्का उठल्या नाहीत.

तुमच्या प्रार्थनेवर विसंबून असलेली,
एस्तेर