चंद्रनगरीची बंद लिफ्ट

प्रिय राणीसरकार,

आपल्या कादंबरीचं तुझं प्रकरण परवा पोचलं. चष्मा सापडेपर्यंत धीर धरवेना, म्हणून लेकीलाच वाचायला बसवलं. चंद्राला टांगलेलं तुझं नगर, काचेचे पक्षी, सावल्या विकणारा बाजार, सगळं तिने झोकात वाचून दाखवलं. आणि शेवटी काय, तर तुझी राणी पिशवी भरून बंद लिफ्टच्या दाराशी उभी! तिला खाली जमिनीवर, लिफ्टवाल्या मेस्त्रीकडे यायचंय. पुढचं प्रकरण माझं. मला पुरतं कात्रीत पकडलंस.

कारण दोर तोडून ती लिफ्ट बंद पाडली मीच. दोघांनी मिळून कादंबरी लिहायची ठरलं तेव्हा नियम एकच केला होता, एकाने मोडलेलं दुसऱ्याने जादूने जोडायचं नाही. शाळेत तू भूमितीच्या तासाला पंखांचे घोडे काढायचीस आणि मी शेजारून विचारायचो, यांची लीद कोण उचलतं? साठी उलटली तरी दोघांच्या खोडी गेल्या नाहीत. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, तेव्हा तुझ्या नगरात ग्रीस, ओल आणि कुरकुरणारी दारं येणारच. तू चिडशील वाटलं होतं, पण तूच कळवलंस की आता तिथे राहायला जावंसं वाटतं. आमची ही गेल्यावर मला घर खायला उठायचं. तुझी पाकिटं यायला लागली आणि ते थांबलं. हे तुला कधी बोललो नव्हतो.

तर मी शेवट लिहिला. दोर तुटलेलाच राहतो, राणी वर म्हातारी होते, मेस्त्री खाली वाट बघत मरतो. वाटलं, जग असंच असतं, हेच खरं. लेकीने वाचलं आणि फाडकन म्हणाली, बाबा, शेकड्यांनी दोर बदललेत तुम्ही, आणि या एकापाशी हातपाय गाळून बसलात? जे खरं ते रडकंच असायला हवं, असं मी कधीपासून धरून चाललो होतो कोण जाणे. दोर तुटतात हे खरं, तसे ते बदलतात हेही तितकंच खरं. माझं पोट त्यावरच तर भरलं.

तो शेवट फाडला. आता खटपट करून मेस्त्रीने तळाची कप्पी साफ केलीय, दारांना तेल दिलंय. पण नवा दोर खालून चढवता येत नाही, तो वरूनच सोडावा लागतो. तिथे मेस्त्रीची अक्कल संपते. तुझ्या नगरात चांदण्याचं सूत मिळतंच, त्याचा दोर हाताने वळलास तर नियमही मोडत नाही.

आता कादंबरी बाजूला ठेवून सांगतो. तुझा चौथा मजला, तुझे गुडघे आणि त्या इमारतीत लिफ्टच नाही. माझं घर तळमजल्यावर आहे. खिडकीपाशी दुसरं टेबल मावतं, कालच मापून पाहिलं. लेकीला विचारलं, तर म्हणाली, इतके दिवस कशाची वाट बघत होतात? तर आता तुलाच विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? नाही म्हणालीस तरी प्रकरणं पाठवत राहीन, त्याची काळजी नको. पण राणीची पिशवी भरलेली आहे, हे तूच लिहिलंयस. मी खाली उभा आहे. दोर सोड.

तुझाच,
मेस्त्री