हात बसेपर्यंत

४ जून

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

ठकू तुझ्या दारात येऊन धडकली असेलच. कॉलेज नको, मामासारखं वेल्डिंगच शिकायचंय, म्हणून दोन दिवस जेवली नाही. शेवटी मी हात टेकले. बापामागे वाढवलेली एकुलती एक लेक, माझ्या डोक्यावर मिरे वाटते. मुलीच्या जातीला लोखंड कशाला, असं मी म्हणणार नाही. लोकांचीही पर्वा नाही. पण तिनं हाताच्या कसबावर पोट भरू नये, एवढंच माझं मागणं. का, ते विचारू नकोस. कंटाळून परत येईल असं काहीतरी कर.

वहिनीला आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच ठेव.

तुझी ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं ऐकून पहिला महिना पोरीला नुसता गंज घासायला लावला. नाकतोंड काळं झालं, पण पळाली नाही. आता तिचा हात असा बसलाय की सांधा पाहून आमचा जुना कारागीर म्हणाला, ही माझ्या पोटावर पाय आणणार. परवा एका जिन्याचा कठडा तिनं एकटीनं जोडला. गिऱ्हाईकानं पाठ माझी थोपटली आणि मीही निर्लज्जपणे थोपटून घेतली! तुझी वहिनी मात्र तिच्या जळक्या बाह्यांना ठिगळं लावून वैतागली आहे.

पुढं दुकान तिच्याच हाती द्यावं असं मनात आहे. तू नको का म्हणतेस, कळत नाही. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ

९ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ठकूचा सांधा महिनाभर वेडावाकडा जातोय. सुरुवात सरळ होते, मग मध्येच हात उडतो. जागरणं करतेस म्हणून मी तिला नको तेवढं बोललो. काल ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होती. हिनं विचारलं तर म्हणाली, थंडी वाजतेय. आमच्या तापल्या पत्र्याखाली कसली थंडी?

भावजी गेले तेव्हा मी लांब होतो. त्यांना नेमकं काय झालं होतं?

भाऊ

१७ जानेवारी

चि. भाऊस, आशीर्वाद.

त्यांच्यासारख्या दुकानाच्या पाट्या कोणी रंगवत नव्हतं. मग अक्षर थरथरायला लागलं. दारू पितो म्हणून लोक पाट्या परत करायचे. त्या माणसानं आयुष्यात थेंबाला शिवलं नव्हतं रे. हातातलं पायांत गेलं, पायांतलं जिभेत. डॉक्टर म्हणाले होते, यावर औषध नाही. मुलीत उतरेल किंवा उतरणारही नाही. मी त्या 'नाही'ला धरून बसले. टेबलाशी बसायचं काम असतं, तर निदान उशिरा कळलं असतं.

तिला काही बोलू नकोस. रजा मिळाली की मी येतेच.

ताई

२ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न. वि. वि.

मामाला खोटं बोलता येत नाही. बाबांना काय झालं होतं, असं विचारलं तर तो बाहेर जाऊन कोपऱ्यातल्या सळया उगीचच इकडच्या तिकडे करत बसला. मग मामीला घेऊन मी मोठ्या दवाखान्यात गेले. तेच आहे, आई.

मामानं काम थांबवायला सांगितलं नाही. मीच थांबले. माझ्या जोडातला टाका सुटला आणि खिडकीची जाळी कारागिराच्या पायावर पडली. तो ओरडलासुद्धा नाही. चिंधी बांधून म्हणाला, जाळीच जड होती. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टेबलाशी बसले असते तर उशिरा कळलं असतं, हे तुझ्या मामाला आलेल्या पत्रात वाचलं, ते खरं. पण चार-पाच महिने मला काय यायला लागलं होतं, ते तू पाहिलंच नाहीस. तेव्हा आली असतीस तर!

आता ये आणि मला घेऊन जा, मी हट्ट करणार नाही. येताना बिनबटणांचे कपडे तेवढे आण. रोज सकाळी मामी बटणं लावून देते आणि माझ्याकडे बघत नाही.

राग धरू नकोस, माया असू दे.

तुझी ठकू