वाकल्यावर फुटणारा घाम

आई, मुतखड्यासाठी मागच्या आठवड्यात सीटी स्कॅन केला. खडा बारीकच निघाला. पण किडनीच्या वर टोपीसारखी एक ग्रंथी असते, अ‍ॅड्रिनल म्हणतात तिला, तिच्यावर गाठ दिसली. तिला शोधत कोणीच नव्हतं. "सहज सापडली, आजी. अशा बहुतेक गाठी नुसत्या बसून असतात," डॉक्टर म्हणाला. मी त्याची आजी नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं. मग त्याने विचारलं, एकाएकी डोकं ठणकतं का, छाती धडधडते का, दरदरून घाम फुटतो का? विशेषतः खाली वाकल्यावर? मला नाही, म्हटलं. आणि घरात कुणाला, त्याने पुढे विचारलं.

तू मोरीत भांडी घासायला वाकली आहेस. आकुर्डीच्या त्या दोन खोल्या, बाबा पहिल्या शिफ्टला गेलेले. बघता बघता तू पांढरीफटक पडतेस, राखेचा हात छातीवर दाबून भिंतीला टेकतेस. आत्या दारातून म्हणते, "आली वहिनीसाहेबांची धडधड. जेवताना बरी येत नाही ती." ओसरलं की पुन्हा वाकतेस. कंपनीच्या दवाखान्यातला डॉक्टर तुझं ब्लडप्रेशर बघायचा ते खुर्चीत ताठ बसवून. सगळं ठीक यायचं. मन रमवा, भजनाला जात जा, असं त्याने सांगितलं आणि बाबांनी ते घरी येऊन आत्याला सांगितलं. वाकायला लावून कोणी मोजलंच नाही गं. तुझ्या हट्टाने मी कॉन्व्हेंटात गेले, माझा पांढरा गणवेश तू त्याच मोरीत वाकून घासायचीस. ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. शेवटी धुण्याचा पिळा हातात असतानाच तू तिथे कोसळलीस, आणि तरी तेराव्याला आत्या बायकांना सांगत होती, कामाची आवड नव्हती तिला.

आता माझ्या रक्ताची आणि लघवीची तपासणी झाली आहे. गाठ रक्तात धडधड आणणारा रस सोडणारी निघाली, तर ती घराण्यातून आलेली असू शकते, म्हणजे तुझ्याकडून. मग माझं ऑपरेशन. नुसती बसून असलेली निघाली, तर तुझ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आत्या अजून आहे, कुरुळीला मुलाकडे. कानांनी अधू झाली आहे, पण तुझा विषय निघाला की तेच वाक्य.

उद्या रिपोर्ट येईल. हे लिहिलेलं मी लेकीला दाखवणार नाही. गाठ निरुपद्रवी निघू दे म्हणून ती संध्याकाळी देवापुढे बसली, मलाही शेजारी बसवलं. मी हात जोडले, आणि उलटंच मागितलं.