माझे हात आणि क्रीमची कंपनी

३ तारीख, सकाळ
कापडाची कात्री सुनेने पुन्हा कागद कापायला घेतली. धार गेली. विचारलं तर म्हणते, आई, एकच पाकीट कापलं. एकच. खुनी माणूसही असंच सांगत असेल.

दुसरी तक्रार मुलाची. म्हणतो, तुझं शिलाई मशीन खिडकीतून काढून जिन्याखाली ठेवू. त्या जागी त्याला पळायचं यंत्र आणायचंय. बेचाळीस वर्षं त्या खिडकीत बसून मी अख्ख्या गल्लीचे कपडे दुरुस्त केले. हा घरातल्या घरात पळून कुठे पोचणार ते काही त्याने सांगितलं नाही. वर म्हणतो, परवा सुई बोटात गेली ना. गेली. सुईचं चुकलं.

नमस्कार करायचा राहिला. पण ही वही कोणी वाचत नाही, करू कोणाला.

४ तारीख
मुलाशी पैज लागली. माझा ब्लॉग आहे, त्याचं त्याला कौतुक नाही. मी सांगते, नात टाइप करते. फाटलं कसं, शिवायचं कसं, आणि फाडलं कोणी. एक्केचाळीस वाचक आहेत. त्यात घरचे फक्त पाच. महिनाअखेरपर्यंत एखाद्या कंपनीने माझ्याशी भागीदारी करून माझं नाव छापलं, तर मशीन खिडकीत. नाहीतर जिन्याखाली. मुलगा लगेच हो म्हणाला. घाबरला असणार.

नात म्हणाली, आजी, भागीदारीत दोघांचा फायदा व्हायला लागतो. म्हटलं, माझा तर होतोय. अर्धं काम झालं.

५ तारीख, सकाळ
तीन पत्रं पाठवली. सुयांच्या कंपनीला लिहिलं, नेढी हल्ली फार लहान पाडता, आळस सोडा, मग चार चांगले शब्द लिहीन. धाग्याच्या कंपनीला लिहिलं, तुमचा काळा धागा दोन धुण्यांत राखाडी होतो, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बटणांच्या कंपनीला गोड लिहिलं, ते नवीन आहेत. नात म्हणाली, आजी, ही धमकी वाटते. म्हटलं, त्यांचा फायदा दाखवलाय.

५ तारीख, दुपार
धाग्याच्या कंपनीचं उत्तर एका मिनिटात आलं. आपला संदेश मिळाला, आभारी आहोत. वाटच बघत बसले होते. नात म्हणते, ते आपोआप जातं. मनापासून असलं की जातंच आपोआप.

१० तारीख
सुया, धागा, बटणं, तिघेही गप्प. आधी कोणी विचारायचं यावरून त्यांची आपसात जुंपली असेल.
निश्चय: आजपासून रोज एक लेख. आज जमलं नाही. चष्मा सुनेने भलतीकडे ठेवला होता. माझ्या डोक्यावर.

१३ तारीख
कोणाच्या मागे लागायचा माझा स्वभाव नाही, तेच बरं. हाताला लावायची क्रीम करणाऱ्या कंपनीचा स्वतःहून फोन आला. भागीदारी खात्यातली बाई होती. कोटाचं कोपर रफू करतानाचा माझा फोटो तिने ब्लॉगवर पाहिला. कोटाबद्दल चकार शब्द नाही. म्हणाली, आजी, असे हात आम्ही दोन महिने शोधतोय. मी स्पष्ट सांगितलं, जन्मात क्रीम लावलेली नाही. म्हणाली, दिसतंय. थोडक्यात कौतुक कसं करावं ते हिच्याकडून शिकावं.

१५ तारीख
बारा ट्यूबा आल्या. सोबत चिठ्ठी: फोटो होईपर्यंत कृपया लावू नये. माझ्या हातांना गरज नाही हे त्यांनीच लिहून दिलं. एक ट्यूब दाराच्या बिजागरीला लावून पाहिली. कुरकुर बंद. ब्लॉगवर प्रामाणिकपणे तसं लिहिलं. उरलेल्या अकरा सुनेने नेल्या. दिवसातून चार वेळा चोळते. भांडी तिथेच.

१६ तारीख
करार आला. चार पानं. नातीने वाचून दाखवला. म्हणाली, आजी, यात तुझं नाव छापण्याबद्दल काहीच नाही, विचारू का? म्हटलं, विचारू नकोस, त्यांना अपमान वाटेल. ज्याचे हात त्याचं नाव, हे काय लिहून घ्यायचं असतं? सही ठोकली. सही मात्र झोकात आली.

२० तारीख
फोटोवाला आला. माझ्याच खिडकीत, माझ्याच मशीनवर हात ठेवायला सांगितले. दिवा एका बाजूने लावला. म्हणाला, एकही भेग सुटता कामा नये. इतकं मन लावून काम करणारा माणूस हल्ली बघायला मिळत नाही. हातांना पांढरी पावडरही लावली. मेकअप. उजेड बघायला म्हणून मध्येच सुनेचे हात घेतले. तिला उगीच वाटलं, आपलेही फोटो काढले. होऊ दे खूश.

२४ तारीख
तळमजल्यावरच्या शेजारणीला सांगितलं, माझं नाव छापून येणार. औषधवाल्याला सांगितलं. मुलाला सांगितलं, यंत्राची ऑर्डर रद्द कर. तो हसला. हरलेला माणूस दुसरं काय करणार.

२९ तारीख
औषधवाल्याच्या काचेवर पोस्टर लागलं. माणसाएवढं. चांगला कोट घालून गेले, तळमजल्यावरचीला मुद्दाम सोबत नेलं.
डावीकडे माझे हात. मधे बाण. उजवीकडे सुनेचे. माझ्याखाली ‘आधी’. तिच्याखाली ‘नंतर’.
तळमजल्यावरचीने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, छान आहेत हो हात. मी म्हटलं, काम केलंय त्यांनी. म्हणाली, उजवीकडचे म्हणतेय मी.
औषधवाला म्हणाला, आजी, सकाळपासून नऊ ट्यूबा गेल्या. लोक डावीकडे बघतात आणि घाईघाईने पैसे काढतात. म्हणजे खप माझ्यामुळेच.

३० तारीख
मुलगा पोस्टर बघून आला. म्हणाला, आई, नाव कुठे आहे? म्हटलं, खाली लिहिलंय की. म्हणाला, ‘आधी’ हे काही नाव नाही.
मशीन जिन्याखाली न्यायला तो आणि सून, दोघं लागले. सून म्हणत होती, आई, खरंच मला ठाऊक नव्हतं हो. क्रीमच्या हातांतून मशीन दोनदा निसटलं. शेवटी ती बाजू मीच उचलली. मग हललं.

१ तारीख
जिन्याखाली उजेड नाही. नेढं दिसत नाही. खिडकीतही दिसत नव्हतं, आता वहीत काय लपवायचं. दोरा नातीने ओवून दिला.
दुपारी क्रीमवाल्या बाईचं पत्र. जाहिरात जोरात चाललीय, दोघांचाही फायदा झालाय. आता टाचांची क्रीम काढतायत. भागीदारी पुढे नेऊ या का? टाचांचे फोटो लवकर पाठवावेत. धुऊ नयेत.
ही वही कोणी वाचत नाही, तरी सुनेने नीट वाचावं. या पत्राला मी उत्तर देणार नाही. ते ‘नंतर’ने द्यायचं, आजच्या आज, आणि पहिल्याच ओळीत विचारायचं, नाव छापणार का.