जन्मतारखेच्या रकान्यात

प्रिय कोरीन,

सकाळपासून तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. घाबरू नकोस, पडलोबिडलो नाही. कंबर काल होती तशीच आहे. तीनदा कॉफी केली आणि तिन्ही वेळा ती निवून गेली. खिडकीशी जातो, परत येऊन बसतो, पुन्हा उठतो. फोनवर माझी गाडी नेमकी हव्या त्या जागी अडते, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र दाराला चिकटवून ठेवणार आहे. उद्या दहाला तू मला न्यायला येशील तेव्हा आधी हे वाच, मग घंटा वाजव.

चूक माझीच, त्यात वाद नाही. टपालाने मत पाठवताना पाकिटावर जन्मतारीख लिहायची असते. मी त्या दिवसाची तारीख लिहून मोकळा झालो. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, रोज पहाटे वहीत आधी तारीख टाकली, हाताला दुसरं काही सुचलंच नाही. मतदान कचेरीचं पत्र आलं तेव्हा तू फोनवर पोट धरून हसलीस. "बाबा, तुमच्या हिशोबाने तुम्ही तीन आठवड्यांचे आहात. तान्ह्या बाळाला मत नसतं हो." आणि लगेच मास्तरणीच्या आवाजात, "शनिवारी बारापर्यंत दुरुस्त करता येतं. मी येते न्यायला. सबबी नकोत."

सबबी मी तरी किती सांगणार? बुधवारी डॉक्टर झाले, काल नळवाला झाला. दारात शाळेच्या नव्या करासाठीची तुझी 'शाळेसाठी हो' ही पाटी ऑगस्टपासून उभी आहे आणि मी सबबी सांगतोय, हे इर्मालाही खटकलं असणार. तुमच्या प्रचार समितीची ती प्रमुख, दुरुस्तीच्या पाकिटांची यादी तिच्याकडे. काल मला वाणसामानाच्या दुकानात गाठून म्हणाली, "वेंडेल, बाकी सगळ्यांचं निकालाआधीच झालं, मोजलंही. तुझं एकट्याचंच पाकीट राहिलंय. नवरदेवासारखा लाजतोस काय?" मी अंडी घ्यायला गेलो होतो, ती न घेताच घरी आलो.

आठशे एक्केचाळीस 'हो', आठशे चाळीस 'नाही'. हे आकडे माझ्या डोक्यातून हलत नाहीत. बरोबरी झाली तरी कर नामंजूर, हे तूच मला समजावलं होतंस. कर नामंजूर झाला तर तुझा बँडचा वर्ग बंद, वाचनालय बंद, ओढ्यापलीकडच्या मुलांची बस बंद. ती बस माझीच होती. मंगळवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये निकाल वाचला तेव्हा तू इर्माच्या गळ्यात पडून रडलीस. मी मागे खुर्चीवर बसून होतो. लोक येऊन माझा हात दाबत होते, पोरीने गड जिंकला म्हणत होते. मला तिथून कधी एकदा उठतो असं झालं होतं.

शेजारचा एल्डन कुंपणापलीकडून टोमणे मारतोच. "तुझं काय जातंय रे? हा कर नुसता पगारावर. पेन्शनवाल्यांनी हो म्हणायचं आणि कारखान्यात घाम गाळायचा आम्ही." त्याचं खोटं नाही. मला या कराचा एक सेंटही पडत नाही. म्हणून पैशाचं कारण मला पुढे करता येत नाही, आणि तुला तसं वाटायलाही नको.

कोरीन, त्या पाकिटात 'नाही' आहे. तू उद्या मला गाडीत घालून नेशील, मी जन्मतारीख लिहीन, आणि तुझ्याच हाताने तुझी शाळा बुडेल. तू सरळ मार्गाची आहेस, हे वाचूनही म्हणशील, मत ते मत, चला. मी येणार नाही. दुरुस्ती करायला कायदा कुणाला ओढून नेत नाही. मी ते का केलं तेही ऐक. वसंतात सिनसिनाटीच्या शाळेने तुला वाद्यवृंद शिकवायची जागा देऊ केली, आणि तू माझी कंबर बघून नको म्हणालीस. मला वाटलं तू थट्टेवारी नेतेयस. मग तुझं व्हायोलिन कपाटावर धूळ खाताना पाहिलं. जा म्हणायला माझी जीभ रेटेना, कारण तू गेलीस तर या गावात मी एकटा, याची मला भीती वाटते. म्हणून म्हटलं, शाळेनेच तुला काढावं. भेकडाचं काम केलं, आणि ते करताना ओढ्यापलीकडची ती मुलं मला आठवलीसुद्धा नाहीत. आता तुझा वर्ग वाचला आहे, तो दुसरं कुणीही शिकवील. काल मी सिनसिनाटीला फोन केला. जागा अजून रिकामी आहे, सोमवारपर्यंत तुझी वाट बघतो म्हणाले. तू जावंस असं मला वाटतं. हे मी मतपत्रिकेवर नाही, तुला सांगायला हवं होतं.

तुझाच, घाबरट पण शुद्धीवर आलेला,
बाबा