खंडेनवमीचा पेशंट

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार
सकाळी अंघोळ करून थेट ऑपरेशन थिएटरमध्ये गेलो आणि हत्यारं पुजली. पाटावर लाल कापड, त्यावर कात्र्या, चिमटे, चाकूच्या मुठी ओळीनं मांडल्या. हळद-कुंकू, झेंडू. आज खंडेनवमी. आजोबा वस्तरा पुजायचे, मी स्टीलच्या दोन पेट्या पुजतो. एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. उमरीत दवाखाना टाकून अठरा वर्षं झाली, एकदाही हललेलं नाही.

साडेअकराला शेषेराव आला. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो तो. सोबत बायको, सिंधू. जांघेतला हर्निया अडकलेला, उलट्या चालू. दाबून पाहिला, आत जाईना. तिथल्या तिथं ऑपरेशन करायला हवं होतं. मी म्हणालो, भूलतज्ज्ञ बाहेरगावी गेलेत, नांदेडला न्या.

भूलतज्ज्ञ वरच्या मजल्यावर पुरण वाटत होती. माझीच बायको!

ॲम्ब्युलन्स मात्र मीच बोलावली. एवढी तत्परता कोण दाखवतं?

२ ऑक्टोबर
दसरा. आपट्याची पानं वाटली. दुपारी नांदेडहून फोन — आतडं काळं पडलं होतं, दोन फूट काढावं लागलं. पोटावर शौचाची पिशवी लावली आहे. माणूस वाचला.

हत्यारंही सुखरूप आहेत.

४ ऑक्टोबर
मारोती आमचा जुना वॉर्डबॉय. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. त्यानं तनुजाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती चिडली नाही. मला हाक का मारली नाही, एवढंच विचारलं. मी म्हणालो, हत्यारं पुन्हा निर्जंतुक करायला वेळ गेला असता. किती? चाळीस मिनिटं. नांदेडला टेबलावर घ्यायला किती वेळ लागला? पाच तास.

तिचं गणित शाळेपासून चांगलं आहे.

१२ ऑक्टोबर
नांदेडच्या डॉक्टरांच्या संघटनेकडून निमंत्रण. विषय — ‘शस्त्रक्रियेचा इतिहास आणि सर्जनची बदलती भूमिका’. रोबोटवर लातूरचा एक तरुण सर्जन बोलणार आहे. भविष्य त्याच्याकडे, भूतकाळ माझ्याकडे. फोनवरचा पोरगा म्हणाला, सर, तुमचा अनुभव मोठा आहे. म्हणजे मशीन नाही.

२६ ऑक्टोबर
भाषणाची टिपणं काढून राहिलो आहे. गंमत आहे! आपल्याकडे एके काळी कापलेलं नाक गालाच्या कातडीनं पुन्हा बसवत. मग विद्वानांना रक्ताचा विटाळ वाटू लागला आणि चाकू न्हाव्याच्या हाती आला. विलायतेतही तेच. वैद्य पुस्तक वाचणार, न्हावी कापणार. भूल नव्हती तेव्हा जो लवकर कापेल तो मोठा सर्जन. मग भूल आली, डिग्री आली, न्हाव्याचा साहेब झाला. आता साहेब कोपऱ्यात पेटीत डोळे घालून बसतो आणि कापायचं काम यंत्राचा हात करतो. साहेबाकडं उरलं काय, तर संमतीपत्रावर सही घेणं.

आजोबा अख्ख्या गावाची गळवं फोडायचे. भाषणात घालावं म्हणून गावी बाबांना फोन केला. सहज विचारलं, आजोबा नवमीला वस्तरा उचलायचे का?

“माणूस वरडत आलं तर उचलायचे की. वर पानी शिंपडायचं, झालं. देवीला कळत न्हाई का?”

चौथी शिकलेल्या आजोबांना हे माहीत होतं. हे भाषणात घालणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
भाषण झालं. वीस मिनिटांत अडीच हजार वर्षं उरकली. मागच्या चाळीस दिवसांचा इतिहास तेवढा वेळेअभावी गाळला. टाळ्या बऱ्या पडल्या. शाल, श्रीफळ, आणि धन्वंतरीची एक प्लास्टिकची मूर्ती. तिच्या चारही हातांत काहीतरी आहे. एकही हात रिकामा नसल्यानं तिला कुणी काही विचारत नसावं.

परतताना गोदावरीच्या पुलावर गाडी थांबवून हात जोडले. मागायला काही सुचलं नाही.

२३ नोव्हेंबर
शेषेराव आणि सिंधू आले. पिशवीभर सीताफळं घेऊन! माणूस निम्म्यानं वाळलाय. त्याला मोटार उचलायची बंदी आहे, म्हणून घरी बसून. पण जीभ शाबूत.

“पंगतीत माझ्याशेजारी कुनी बसंना, डॉक्टर. वाढपी बी लांबूनच भात फेकतंय.”

सिंधूनं त्याला गप्प केलं आणि माझ्या पाया पडली. मी सरकलो, तरी पडलीच. म्हणाली, पोटावरची पिशवी काढायचं ऑपरेशन तुम्हीच करा, नांदेडला आता पाय ठेवणार नाही. “त्या दिवशी तुमी गाडी लावून दिली म्हनून हे दिसून राहिले.”

बघू म्हणालो. सीताफळं ठेवून घेतली. गोड निघाली, दुर्दैवानं.

२४ नोव्हेंबर
तनुजा म्हणाली, “त्याला मी भूल देणार नाही. आधी त्याला कळू द्या, कुणाच्या हाताखाली झोपतोय ते. संमतीपत्रावर सही कशाची घेणार तुम्ही?”

मी म्हणालो, त्यानं तक्रार केली तर परवाना जाईल, दवाखाना बंद पडेल. ती म्हणाली, पडेल.

३ डिसेंबर
देवासमोर बसलो. देवीची काही तक्रार नाही. ती कधीच करत नाही, म्हणून तर आम्ही तिच्या नावावर सगळं खपवतो. तिनं सुट्टी मागितली नव्हती. मला हवी होती. सणाचं जेवण, दुपारची झोप. पाटावरची हत्यारं आयतीच सापडली.

हे इथं लिहायलाही दोन महिने लागले.

७ डिसेंबर
आज शेषेरावकडं सांगायला जाणार होतो. गाडीत पेट्रोल नव्हतं. पंप दवाखान्यासमोरच आहे.

१४ डिसेंबर
शेषेरावच्या घरी गेलो. दोघांना समोर बसवून सांगितलं — भूलतज्ज्ञ वरच होती, हत्यारं पाटावर होती, मी ती उचलली नाहीत. तेच दवाखान्याच्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून सिंधूच्या हातात दिलं. तक्रार कुठं करायची, तेही खाली लिहिलं आहे.

शेषेराव पोटावर हात ठेवून बसून राहिला. सिंधूनं कागद दोनदा वाचला, घडी घातली.

“एवढंच लिहायला अडीच म्हयने लागले?”

हो म्हणालो.