डाव्या बरगडीखाली

३ मार्च

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

दादा गेल्यापासून तुमची पत्रं दोन ओळींची झालीत, म्हणून मीच लिहिते. बाळ चार महिन्यांचं झालं, गुटगुटीत आहे. मी सिकलसेलची वाहक, म्हणून तुम्ही यांनाही तपासून घ्यायला लावलंत. वेल्डरला काय धाड भरलीय म्हणत गेले आणि सुई पाहून पांढरेफटक पडले. रिपोर्टात सिकल नाही. आता काळजी सोडा आणि इकडे या.

तुमची,
धाकटी

१० मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

मामंजींचा रिपोर्टही असाच होता. सिकल फक्त सासूबाईंकडे निघाला, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. पण मामंजी थॅलेसेमियाचे, रक्ताच्याच दुसऱ्या आजाराचे, वाहक होते. त्याची तपासणी वेगळी असते. एकीकडून हे, दुसरीकडून ते, असा तुझ्या दादाला सिकलसेलचाच दुसरा प्रकार झाला. हाडं ठणकायची, तर वाताचं औषध चाललं. कळलं तेव्हा तिशी उलटली होती.

बाळाच्या अंगात अजून जन्मावेळचं रक्त आहे, म्हणून ते ठणठणीत दिसतं. पुढे ते बदलतं. बाळाची पूर्ण तपासणी कर. जावईबापूंना पुन्हा सुई दाखव.

लोभ आहेच, उत्तर लवकर हवं.
वहिनी

२९ मार्च

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

तुमचं खरं ठरलं. हे थॅलेसेमियाचे वाहक, आणि बाळाला दादाचाच आजार. दोन दिवस मी तुमच्यावरच रागावले होते, खोटं कशाला बोलू. सासूबाई म्हणाल्या, माहेरचं दुखणं आणलंस. त्यावर हे म्हणाले, अर्धं माझं आहे, वाटणी चोख झालीय.

वहिनी, दादाचं झालं तेच आता बाळाचं होणार का, एवढंच सांगा.

धाकटी

४ एप्रिल

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

नाही. दादाला तिशीनंतर कळलं, बाळाला पाचव्या महिन्यात. पेनिसिलिन एक दिवसही चुकवू नको, लसी सगळ्या दे. पुढे डॉक्टर हायड्रॉक्सीयुरिया सुरू करतील, त्याने दुखणं कमी होतं. ह्यांचं शेवटचं वर्ष त्यानेच सुसह्य गेलं. ताप आला तर काढे नकोत, थेट दवाखाना.

डाव्या बरगडीखाली बोटं टेकवून रोज प्लीहा बघायची. तिच्यात रक्त अडकून ती अचानक फुगली, बाळ फिकट पडलं, तर क्षणभर थांबायचं नाही. ह्यांची मी रोज बघत असे. हाताला अजून सवय आहे.

शनिवारी येते. बाळ हसलं की पोट घट्ट होतं, काही कळत नाही, झोपल्यावर बघू. आधी माझा हात, मग तुझा, मग जावईबापूंचा.

तिघांवर लोभ आहे, तो प्रत्यक्ष घेऊन येते.
वहिनी